कलावतीबाईसाहेबांनी रथाचे चार स्टड बदलले ते वर्तमान

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. ज्याने सूर्याच्या रथास एकच चाक दिले आणि तरी तो रथ आजवर वाटेत लवंडू दिला नाही, त्या कारागिरांच्या देवास नमन करून हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी, रविवार, ते दिवशी घाटमाथ्यावरील एका राज्यात जे घडले ते ऐसे जे: राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. विस्तार म्हणावा तर तीन खोल्या, पुढे मातीचे अंगण, अंगणात एक शेवगा आणि शेवग्याखाली रथ, म्हणजे पांढरी जुनी मोटार. राजे भुजंगराव वाघचौरे, वय वर्षे पासष्ट. राणी कलावतीबाईसाहेब, वय साठ. कन्या एक, ती परमुलखी नांदत होती. राजांनी तेहतीस वर्षे सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपात फिटरकी केली होती, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी घाटात थांबली ऐसे कोणी ऐकिले नव्हते. पुढे दैव फिरले. राजांची मूत्रपिंडे निकामी जाहली, आणि दर सोमवारी व गुरुवारी बेचाळीस किलोमीटर घाट उतरून शहरी जावे, तेथे चार तास यंत्रास रक्त द्यावे, यंत्राने धुवून परत द्यावे, मग तीन-चार दिवसांचे आयुष्य घेऊन घरी यावे, ऐसा क्रम लागला. त्याकरिता वैद्यांनी राजांच्या डाव्या हातातील दोन नसा जोडून एक केली होती, आणि सक्त ताकीद दिली होती की या हाताने जड उचलू नये, यास धक्का लागू देऊ नये, हा हात गेला तर यंत्राची वाट बंद. तेव्हापासून राजांच्या हातातील पाना सुटला. बाईसाहेब वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मोटार हाकावयास शिकल्या. परंतु रथाच्या लोखंडास हात लावू देण्यास राजे राजी नव्हते. "गाडी चालव. तिच्या पोटात शिरू नकोस," ऐसे म्हणावे, आणि बाईंनी ऐकावे.

ते साली देशात महामारीची साथ आली आणि बादशाही हुकूम सुटला की कोणी घराबाहेर पडू नये. दुकाने बंद, गॅरेजे बंद, रिक्षा बंद. आजाऱ्यांस मात्र शहरी जाण्याचा परवाना होता, तो कागद मोटारीच्या काचेस चिकटविला होता. रविवारी सकाळी बाईसाहेब दुसरे दिवशीच्या प्रवासाची तयारी म्हणोन मोटार पुसावयास गेल्या, तो पुढील डाव्या चाकाशी त्यांचा हात थबकला. चाक चार स्टडांवर, म्हणजे आटे पाडलेल्या जाड खिळ्यांवर, बसते, चार नटांनी आवळते. त्यातील एका ठिकाणी काहीच नाही, नुसते भोक. खाली मातीत पाहतात तो नट पडलेला, आणि नटात अडकून स्टडाचा अर्धा तुकडा. बाईंनी हाक मारिली. राजे काठी टेकीत आले, ओणवे होऊन पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हणाले, "बाकीच्यांना पाना लावून बघ. हलक्या हाताने." बाईंनी शेजारच्या नटास पाना लावून जरा जोर दिला, तो कच्च आवाज होऊन दुसराही स्टड नटासकट हातात आला. बाई म्हणाल्या, "हे कुणी केलं?" राजे म्हणाले, "त्या पंक्चरवाल्याने. महिन्यापूर्वी, दुकानं बंद व्हायच्या आधी, चाक काढलं होतं ना. आवळायची अक्कल नाही, नुसता जोर." आणि राजे मान फिरवून आत गेले.

मग रुग्णवाहिकेस फोन केला. तिकडून सांगितले की आसपासच्या चोवीस गावांस गाडी एक, ती साथीच्या रोग्यांत अडकली आहे, मंगळवारी संध्याकाळी पाहू. मंगळवार संध्याकाळ म्हणजे काय, हे बाईसाहेबांस ठाऊक होते. मागे एकदा फेरी एक दिवस चुकली, तेव्हा राजांच्या पायांवर बोट दाबले तर खड्डा राहात होता आणि रात्रभर उशीस टेकून बसून श्वास घ्यावा लागला होता. आज रविवारीच पायांस सूज दिसत होती. दिवसास दोन फुलपात्रे पाणी एवढीच परवानगी, आणि राजे त्यातले अर्धे बर्फ करून चघळीत होते. बाईंनी पदर खोचिला आणि म्हणाल्या, "दोन स्टड आणायचे. बसवायचे. तुम्ही सांगा, मी करते." राजे म्हणाले, "हे तुझं काम नाही." बाई म्हणाल्या, "मग कुणाचं आहे, त्याला बोलवा." मग राजे हळू म्हणाले, "बाबालालकडे मिळतील. दोनच आण. बाकीचे दोन शाबूत आहेत."

बाबालाल अत्तार म्हणोन सुट्या भागांचा दुकानदार तीन किलोमीटरवर बाजारपेठेत, दुकानाच्या वरच राहात होता. बाईसाहेब तुटका तुकडा रुमालात बांधून पायी निघाल्या. ऊन चढले होते, आणि रस्ता ऐसा ओस की आपल्याच चपलेचा आवाज पाठलाग करितो ऐसे वाटे. पेठेच्या तोंडाशी बांबू आडवे बांधून हवालदार उभा होता. त्याने काठी आडवी केली आणि विचारिले, "मावशी, कुठं?" बाई म्हणाल्या, "मोटारीचा स्टड आणायला." हवालदार म्हणाला, "आज? लोक भाजीला निघाले तरी परत पाठवतोय, आणि तुम्ही मोटारीचं सामान म्हणता? मागं फिरा." बाईंनी रुमाल सोडून तुकडा दाखविला, आणि पिशवीतून इस्पितळाचे पुस्तक काढून त्यावरील तारखा दाखविल्या. म्हणाल्या, "ही उद्याची तारीख. हे चाक. ह्याच्यावर माझं माणूस बसणार आहे. आता सांगा, फिरू का मागं?" हवालदाराने पुस्तक हाती न घेता दुरूनच वाचिले, तारखा बहुत होत्या, तीन वर्षांच्या. मग त्याने बांबू उचलिला आणि एवढेच म्हणाला, "अर्ध्या तासात या. माझी ड्यूटी बदलायच्या आत."

बाबालाल वरच्या खिडकीत आला. खाली यावयाची त्याची छाती होईना, कारण घरात म्हातारी आई खोकत होती. त्याने दोरीस बांधून टोपली सोडिली, बाईंनी तुकडा टोपलीत ठेविला, टोपली वर गेली. बाबालालने तुकडा उजेडात धरून बहुत वेळ फिरविला आणि विचारिले, "वहिनी, पान्याला पाइप कुणी लावला होता?" बाई म्हणाल्या, "पाइप?" तो म्हणाला, "हा नुसता तुटलेला नाही. आधी ओढला गेलाय. हे बघा, आटे मधे बारीक झालेत, गुळाच्या पाकासारखे. पान्याला लांब पाइप घालून, वर अंगाचं वजन टाकल्याशिवाय असं होत नाही. पंक्चरवाल्याकडे एवढा वेळ नसतो." आणि पुढे म्हणाला, "चारी बदला. एकाला ज्यानं एवढं ओढलं त्यानं दुसऱ्यांनाही सोडलं नसेल. दोन तुटले, उरलेले दोन घाटातल्या पहिल्या वळणावर जातील." मग टोपली खाली आली, तीत चार नवे स्टड, चार नट आणि जाड वॉशर होते. बाईंनी ते घेतले आणि परत फिरल्या, आणि वाटेने त्यांस उन्हाची शुद्ध राहिली नाही. कारण शनिवारी दुपारी आपण निजलो असता अंगणात लोखंडाचा आवाज आला होता, आणि उठून पाहतो तो राजे घामाघूम होऊन ओट्यावर बसले होते, आणि विचारिले तर म्हणाले होते की मांजर हाकलले, हे त्यांस तेव्हा आठवले. हवालदाराने बांबू उचलिला, काही विचारिले, बाईंनी काय उत्तर दिले ते त्यांस पुढे कधीच स्मरले नाही. घरापाशी येताच त्यांनी दोन स्टड कमरेच्या पिशवीत घातले आणि दोन हातात ठेवून आत गेल्या. राजांनी विचारिले, "मिळाले?" बाई म्हणाल्या, "मिळाले. दोन." राजांनी हात पुढे करून ते घेतले, बाईंकडे पाहिले नाही.

दुपारी दोन वाजता कामास आरंभ जाहला. राजे खुर्ची टाकून शेवग्याच्या सावलीत बसले आणि हुकूम करू लागले, आणि बाई जमिनीवर चवड्यांवर बसून ते पाळू लागल्या. मागील चाकांस दगड लाविले. हॅंडब्रेक ओढिला. उरले दोन नट जमिनीवरच सैल केले; ते ऐसे घट्ट की बाईंस पान्यावर दोन्ही हातांनी लोंबावे लागले, आणि त्या समयी त्यांनी राजांकडे पाहिले, तो राजे शेवग्याच्या शेंगा मोजीत होते. मग जॅक लाविला, मोटार उचलिली, चाक काढिले. राजे म्हणाले, "स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकव. जॅकवर विश्वास ठेवायचा नसतो, आपल्या अंगणाची माती पोकळ आहे." बाईंनी तैसे केले. मग ब्रेकचा कॅलिपर, जो चाकामागच्या लोखंडी थाळीस दोहोंकडून चावून धरितो, त्याचे मागील दोन बोल्ट सोडविले, आणि तो तारेने वर बांधिला, कारण राजे ओरडले होते की तो ब्रेकच्या तेलाच्या नळीवर लोंबता ठेवशील तर नळी फाटेल आणि ब्रेक जाईल. मग थाळी ओढून काढिली आणि आतला हब दिसला, चार स्टड ज्यात मागून ठोकून बसविलेले असतात तो. दोन अखंड, दोन बुंधे. राजे म्हणाले, "हब फिरवून बुंध्याच्या मागे मोकळी जागा येऊ दे. आता समोरून हातोडा. घाबरत मारू नकोस. घाबरून मारलेला घाव कुठेही जातो."

बाईंनी पाच घाव घातिले, बुंधा हलला नाही. दहा घातिले, हलला नाही. मनगटातून कळ निघाली, कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. सोळाव्या घावास आतून ठण्ण आवाज होऊन बुंधा मागे निसटला, आणि त्याच धक्क्याने जॅकचा पाय मातीत खचला. मोटार कलली. बाईंचा उजवा हात हबावर होता. हे पाहून राजे, ज्यांस चार पावले चालावयास काठी लागे, ते खुर्चीतून झेपावले आणि दोन्ही हात पसरून मोटारीच्या अंगास लाविले, डावा हातही. बाई किंचाळल्या, "हात काढा! तो हात काढा!" मोटार वीतभर खाली आली आणि स्टेपनीवर धप्पकन बसली, पुढे गेली नाही. बाईंचा हात सुटला होता, बोटे शाबूत होती. पण त्यांस आपल्या बोटांचे भान नव्हते. त्यांनी ग्रीस लागल्या हातांनीच राजांचा डावा हात धरिला, मनगटावर जेथे नसा जोडिल्या होत्या तेथे बोटे टेकिली आणि डोळे मिटले. त्या जागी रक्ताची एक थरथर सदैव लागते, कोंडलेल्या भुंग्यासारखी. ती थांबली तर हात गेला. पहिल्याने काही लागेना. मग लागली. बाई म्हणाल्या, "चालू आहे." आणि तेथेच मातीत बसल्या. राजे म्हणाले, "तुझी बोटं?" बाईंनी दहाही बोटे वर धरून दाखविली. मग दोघांनी मिळून थोडे बर्फ चघळिले, राजांच्या वाट्यातले.

मग जॅकखाली रुंद फळी घालून काम पुन्हा चालिले. दुसरा बुंधा सहा घावांत सुटला. नवा स्टड मागून घातिला, पुढून त्यावर ग्रीस लाविलेले वॉशर चढविले आणि जुना एक नट उलटा लाविला. हब फिरू नये म्हणोन उरल्या दोन स्टडांमध्ये पहार अडकविली. नट आवळत जावा तैसा स्टड मागून पुढे ओढला जातो, आणि त्याचे डोके हबास टेकले की पाना जड होऊन बोलतो. राजे म्हणाले, "आता थांब. आरशाने बघ, मागं फट आहे का?" बाईंनी दाढीचा आरसा मागे धरून पाहिले, फट नव्हती. दुसराही तैसाच बसला. तोवर पाच वाजले होते, ऊन अंगणातून भिंतीवर चढले होते. थाळी बसविली, कॅलिपर बसविला, त्याचे बोल्ट आवळिले. मग बाईंनी चाक उचलून चार स्टडांवर चढविले आणि पहिला नट हातात घेऊन विचारिले, "हे जुने दोन बरे आहेत ना?" राजे म्हणाले, "बरे आहेत." बाईंनी एक नट हाताने फिरवून लाविला. मग दुसरा लाविला. मग तिसरा हाती घेऊन म्हणाल्या, "उद्या पहाटे निघायचं. खाली जाताना डावीकडे दरी आहे. हेच चाक दरीच्या बाजूला." बाईंनी तिसरा नट लाविला. चवथा उचलिला. तेव्हा राजे म्हणाले, "थांब."

आणि मग राजांनी सांगितले ते ऐसे: "पंक्चरवाल्याने नाही. मी केलं. गुरुवारी येताना चाक वाजतंय असं वाटलं. शनिवारी तू झोपलीस. मला वाटलं, एवढं तरी आपण करावं. उजव्या हातात जोर येईना, म्हणून पान्याला पाइप घातला आणि वर उभा राहिलो. चारीवर. वर्कशॉपात ज्या पोरांनी पाइप लावला त्यांना मी सगळ्यांसमोर उभं करून झापलंय, कले. तेहतीस वर्षं." इतके बोलून त्यांनी काठीने चाकाकडे दाखविले. "ते दोन बरे नाहीत. पाइप पलंगाखाली आहे. आता दोनच स्टड आहेत आणि बाबालालपर्यंत तुला परत जाता यायचं नाही. उद्या जायचं नाही आपण. मंगळवारी गाडी येईल तेव्हा येईल." बाईंनी चवथा नट खाली ठेविला, कमरेची पिशवी सोडिली आणि दोन नवे स्टड काढून राजांच्या मांडीवर ठेविले. राजे त्यांकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं." बाई म्हणाल्या, "बाबालालने खिडकीतूनच ओळखलं." राजे म्हणाले, "आणि मी बोललो नसतो तर?" बाई म्हणाल्या, "तरी बदललेच असते. तुम्ही झोपल्यावर काढले असते आणि घातले असते. पण उद्या मग मी परक्या माणसाला घेऊन घाट उतरले असते." राजे रडले. बाईंनी रडू दिले, कारण चाक पुन्हा काढावयाचे होते आणि उजेड थोडा उरला होता.

दुसरी जोडी निम्म्या वेळात जाहली, कारण आता हात शिकले होते, आणि राजे हुकूम न करिता एक एक वस्तू पुढे करीत होते, उजव्या हाताने. दिवेलागणीस चाक बसले, मोटार जमिनीवर आली. समोरासमोरचे नट पाळीने आवळिले, नुसत्या पान्याने, बाईंच्या अंगच्या जोराइतकेच. राजे म्हणाले, "बस. एवढंच लागतं. जास्त लागतं असं वाटतं, ते आपल्याला लागतं, चाकाला नाही."

सोमवारी पहाटे रथ निघाला. घाटाच्या अकरा वळणांवर बाईसाहेब तिसऱ्या गियरात चढल्या नाहीत, आणि राजे खिडकीतून कान बाहेर काढून चाक ऐकत होते. सहाव्या वळणावर, जेथे रस्ता रुंद आहे, तेथे राजांनीच मोटार थांबविली. नवे स्टड थोडे चालले की पुन्हा पाहावे लागतात. बाई पाना घेऊन उतरल्या. पहिला नट हलला नाही. दुसरा हलला नाही. तिसरा अर्ध्या बोटाइतका फिरला. पुन्हा आवळिला, पुन्हा पाहिला, जागचा हलेना. चवथा घट्ट होता. दरीत धुके होते, एक ट्रक नव्हता, एक माणूस नव्हते. बाईंनी आत येऊन सांगितले, "एक सैल होता. आता नाही." राजे म्हणाले, "तिसरा?" बाई म्हणाल्या, "तिसरा." राजे म्हणाले, "त्यावर ग्रीस सांडलं असेल. उतरल्यावर पुन्हा बघू." आणि तेथून खाली जाईतो राजांनी चाकाकडे कान दिला नाही, ते झोपले. यंत्रावर बसावयाची वेळ आठ होती, उभयता पावणेआठास दारी पोहोचले.

येणेप्रमाणे चार स्टड बदलले. पुढे राजे दोन वर्षे पाच महिने राहिले, आणि त्या अवधीत रथाने घाटाच्या अडीचशे फेऱ्या केल्या, चाक एकदाही वाजले नाही. राजे वारले ते आपल्या घरी, आपल्या पलंगावर, भाद्रपद महिन्यात सकाळी नऊ वाजता, बाईसाहेब उशाशी असता. वाटेत वारले नाहीत. हकीकत येथे पुरी जाहली. वाचणाऱ्याचे चाक घट्ट असो.